कढई कोणी उतरवायची

एल्विया ओलार्तेची सकाळ स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी काढण्यापासून सुरू होई. दाराच्या अलीकडे तिचे घर होते आणि पलीकडे तिचा पेरूच्या वड्यांचा कारखाना. अलीकडे ती गुळाचे पाणी उकळत ठेवी, अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, तव्यावर गरम करी आणि उभ्याउभ्याच खाई. तोवर पलीकडे बॉयलरवाल्याने विस्तव पेटवलेला असे आणि टोपी हातात धरून तो दाराशी येऊन थांबलेला असे.

"दोन्या एल्विया, वाफ सोडू का?" मालकिणीला तिथे आदराने दोन्या म्हणत.

"सोडा."

वाफ सोडण्याखेरीज त्या वेळी करण्यासारखे दुसरे काही नसे, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी तो विचारी आणि ती सांगे.

मग फाटकाशी पेरूच्या गाड्या लागत. वरचा थर नेहमीच चांगला असतो, म्हणून एल्विया गाडीवर चढून तळाचा क्रेट ओढून काढी, त्यातला एक पेरू अंगठ्याने फोडी, वास घेई आणि मान हलवी. मान हलेपर्यंत हमाल गाडीला टेकून उभे असत. त्यानंतर साखरेची पोती. त्यानंतर बिहाओची वाळवलेली रुंद पाने, ज्यांत वेलेस गावच्या या वड्या गुंडाळल्या जातात. पॅकिंगच्या खोलीतली रोसाल्बा दोन हातांत दोन गठ्ठे घेऊन येई आणि विचारी, "आज हा की हा?" दोन्ही गठ्ठे एकाच माणसाने एकाच दिवशी आणून टाकलेले असत. एल्विया एकाकडे बोट दाखवी. बायकांच्या संडासातला साबण संपला तर तेही तिलाच कळवले जाई, आणि कपाट उघडून साबणाची वडी तीच काढून देई.

आणि मग पहिली कढई. गर आणि साखर एकत्र उकळू लागली की लाकडी सराट्यांनी ती सतत ढवळावी लागते. फिका गुलाबी रंग हळूहळू विटकरी होतो, बुडबुडे जड होतात, आणि ढवळणाऱ्यांच्या खांद्यांना ते आधी समजते. कढईवरचा मुख्य माणूस सिप्रियानो सराटा वर उचलून धरी. त्यावरून पाक आधी धारेने पडे, मग थेंबाथेंबाने, मग ओल्या कापडासारखा सरकू लागे. ते कापड फाटून पडले आणि कढईचा तळ क्षणभर उघडा झाला की एल्विया म्हणे, "आता." त्या शब्दावर वाफेचे चाक फिरवले जाई, कढई कलंडे आणि पाक साच्यांत पडे. जरा आधी उतरवला तर वडी धरत नाही. जरा उशीर झाला तर ती दाताला दगडासारखी लागते.

तो शब्द एल्वियाशिवाय कोणी उच्चारत नसे. तिच्याआधी तिचे वडील, डॉन एवान्हेलिस्ता, तो उच्चारीत. त्यांच्याआधी त्यांचे वडील, लाकडाच्या चुलीवर. तिची मुलगी मारिसेल हिने साखरेचे प्रमाण दाखवणारे हाताएवढे यंत्र पाठवले होते आणि ते वापरलेही जाई. यंत्र आकडा सांगे. "आता" म्हणण्याचे काम मात्र एल्वियाकडेच राहिले.

पहिली कढई उतरेपर्यंत दुसरी चढलेली असे. कोणाच्या मयताला, दंतवैद्याकडे, बार्बोसाच्या बाजाराला, कुठेही जायचे तरी एल्वियाचे जाणे दोन कढयांच्या मधल्या वेळेत बसवावे लागे. मध्यंतरी व्यापारी मंडळाने छोट्या कारखानदारांसाठी नेतृत्वाचा वर्ग भरवला होता. राजधानीहून आलेल्या तरुण शिक्षकाने आधी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितले. सगळ्यांनी ते खिशात घातले. बंद कोणीच केला नाही. वर्ग सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता तेव्हा एल्वियाला कारखान्यातून फोन आला. ती उठली. दाराशी शिक्षक म्हणाला, "बाई, मी आज जे सांगणार होतो ते हेच."

"हो का," एल्विया म्हणाली, "मग चला माझ्याबरोबर, वाटेत सांगा."

तो गेला नाही. पुढच्या वर्गाचे बोलावणेही तिला आले नाही.

मारिसेलचा फोन आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. मारिसेल बुकारामांगाला राहत होती. तिला सातवा महिना लागला होता आणि तिचा नवरा येसिद ट्रक घेऊन किनाऱ्याकडे जा-ये करी.

"आई, डॉक्टर म्हणतात रक्तदाब चढलाय. अंथरुणातून उठायचं नाही. पाणी घ्यायलासुद्धा नाही."

"मी रविवारी येते, पोरी. सोमवारी पहाटे निघाले तर दुपारच्या कढईला—"

"नको."

"नको म्हणजे?"

"एका दिवसासाठी नको. तुम्ही एका दिवसासाठी येता तेव्हा इन्स्पेक्टर आल्यासारखं वाटतं. फ्रिज उघडता, पडदे झटकता, फोनवर कढई विचारता आणि जाता. माझ्या लग्नाच्या फोटोत सुद्धा तुमच्या कानाला फोन आहे."

"तेव्हा बॉयलर बिघडला होता."

"माहीत आहे. नेहमी काहीतरी बिघडलेलं असतं." मारिसेलचा आवाज चढलेला नव्हता. झोपून बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा तो सपाट होता. "राहायला येणार असाल तर या. बाळ होईपर्यंत. नाहीतर येसिदची आई तयार आहे, किनाऱ्यावरून, बारांकियाहून यायला. पण मग बाळ झालं की मी तिच्याकडेच जाईन. तिकडेच राहू आम्ही. येसिदलाही ते सोपं पडेल. मी रागावून बोलत नाही, आई. मला माणूस लागणार आहे, इतकंच."

"मला जरा वेळ दे."

"या आठवड्यात सांगा. त्यांना तिकीट काढावं लागेल."

फोन ठेवल्यावर एल्विया तिथेच उभी राहिली. कारखाना बंद ठेवता येण्यासारखा नव्हता. पिकलेला पेरू थांबत नाही. तिने घेतला नाही तर तो बागांमध्येच सडेल, आणि आयुष्यभर तिलाच माल देत आलेली माणसे पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या फाटकाशी उभी राहतील. नवरा कधीच सोडून गेला होता, भाऊ नव्हता. हिशेब पाहायला माणूस मिळाला असता, गाड्या मोजून घ्यायला मिळाला असता. अडचण त्या एका शब्दाची होती. आणि किनारा किती दूर आहे ते तिला माहीत होते. बुकारामांगालाच जिला वर्षातून एखाद्या रविवारी जाणे जमत होते, तिला बारांकियाची नात किंवा नातू फोटोतच दिसणार होता.

"सिप्रियानो," दुसऱ्या दिवशी ती कढईशी जाऊन म्हणाली, "आजपासून 'आता' तुम्ही म्हणायचं."

सिप्रियानोने हात पुसले. तारुण्यापासून तो या कढईवर होता. बोलण्यात काटकसर करी, आणि जे बोले त्याला धार असे.

"आणि तुम्ही कुठे असाल?"

"इथेच. मागे. नुसती उभी."

"नुसती," तो म्हणाला. त्याने त्या शब्दाची चव घेतल्यासारखी मान डोलावली आणि सराटा उचलला.

पहिली कढई आटत आली. सराट्यावरून पाक सरकला, फाटला, तळ दिसला. सिप्रियानो म्हणाला, "आता." वाफेच्या चाकाशी उभ्या असलेल्या माणसाने चाकावर हात ठेवला आणि सिप्रियानोकडे नव्हे, एल्वियाकडे पाहिले. आपण तोंड उघडतो आहोत हे तिच्या लक्षात येण्यापूर्वी तिच्या तोंडून निघून गेले, "थोडं अजून."

थोडे अजून झाले. मग ती म्हणाली, "आता."

दुसऱ्या कढईला तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पण कपाळाला पडलेली आठी तिला मिटता आली नाही, आणि चाकावरचा हात तेवढ्यानेच थांबला. पुढच्या दिवशी सिप्रियानो "आता" असे म्हणाला की तो प्रश्न आहे की सांगणे ते कळू नये. ती म्हणाली, "थोडं अजून." त्यानंतर त्याने म्हणायचेच सोडले. सराटा वर उचलून तो पूर्वीसारखा तिच्याकडे पाहू लागला आणि ती पूर्वीसारखी सांगू लागली, आणि कारखान्यातल्या सगळ्यांना हायसे वाटले असावे, कारण त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी कोणीतरी शीळ घातली.

त्या दिवसांतल्या वड्या कापायला आल्या तेव्हा रोसाल्बा पॅकिंगच्या खोलीतून मोठ्याने म्हणाली, "या कापायच्या की फोडायच्या?" एल्वियाने ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले.

सिप्रियानोची वेळ बरोबर होती. ते तिला त्याच क्षणी दिसले होते, दर वेळी दिसले होते. "थोडं अजून" हे पाकासाठी नव्हतेच. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडला की तिला पायाखालची फरशी कोणीतरी काढून घेतल्यासारखे होई. तो जर सिप्रियानोला म्हणता येत असेल, आणि काल-परवापासून नव्हे तर बऱ्याच वर्षांपासून येत असेल, तर मग ती इतकी वर्षे इथे कशासाठी उभी होती? लग्नाच्या फोटोत कानाला लावलेला तो फोन कशासाठी होता? या प्रश्नापेक्षा कढईशी उभे राहणे सोपे होते. तिने तेच केले, आणि आठवडा सरत चालला.

गुरुवारी येसिदचा फोन आला. तो वाटेत कुठेतरी होता. मागे ट्रकची घरघर ऐकू येत होती आणि शब्द तुटत होते. शेडमध्ये यंत्रांच्या आवाजात काही कळेना, म्हणून एल्विया कढईवरून निघून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. घराला स्वतःचे रस्त्याकडचे दार राहिले नव्हते. गोदाम वाढवताना तिच्या वडिलांनी ते भिंत घालून बुजवले होते. घरातून कुठेही जायचे, कोणाशी दोन शब्द बोलायचे, तरी वाट कारखान्यातूनच होती.

शेजारणीने मारिसेलला रुग्णालयात नेले होते. चक्कर येऊन ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. बाळ ठीक होते. तिला रात्रभर ठेवून घेणार होते. येसिद पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार होता.

"ती उठली कशाला?" एल्विया म्हणाली.

"पाणी प्यायला, दोन्या एल्विया," येसिद म्हणाला. "घरात कोणी नव्हतं."

ती आणखी काही विचारत होती तेव्हा तिला वास आला. करपलेल्या साखरेचा वास आधी गोड येतो, मग नाकात टोचतो. तिने फोन तसाच हातात धरला आणि आत धावली.

कढईभोवती सगळे होते. ढवळणारे ढवळत होते. सराटे आता मातीतून ओढावे तसे ओढत होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. चाकावरच्या माणसाचा हात चाकावर होता. सिप्रियानोने सराटा उचलून धरला होता आणि त्यावरून काही पडत नव्हते. पाक सराट्याला धरून काळपट लोंबत होता. आणि ते सगळे दाराकडे पाहत होते, ती येते का म्हणून.

"बंद करा," ती म्हणाली.

चाक फिरले. वाफेचा आवाज थांबला तेव्हा शेड एकदम मोठी वाटू लागली.

"तुम्ही सगळे इथे उभे होतात," एल्विया म्हणाली.

"उभे होतो," सिप्रियानो म्हणाला.

"दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

"मग बंद का नाही केलं?"

सिप्रियानोने सराटा कढईच्या काठावर आडवा ठेवला. "तुम्ही म्हणाला नव्हता."

"मी नव्हते इथे. करपताना दिसल्यावरही माझ्या तोंडाची वाट पाहायची?"

"तुम्ही असताना मी म्हणालो, तेव्हा अजून थोडं. परत म्हणालो, परत अजून थोडं. तुम्ही नसताना म्हणालो असतो तर काय झालं असतं मला काय माहीत. करपलेली कढई तुमची असते, दोन्या एल्विया. मी उतरवलेली कढई माझी झाली असती. माणूस विचार करतो."

पॅकिंगच्या खोलीतून रोसाल्बा आली होती. कमरेला बांधलेला कामाचा एप्रन सोडून तिने हातात घेतला होता. "इथे संडासातला साबण संपला तरी तुमच्या तोंडाकडे बघावं लागतं," ती म्हणाली. "तिथे ही तर कढई."

"रोसाल्बा, आत्ता नको."

"आत्ताच. एक सांगते. रागवू नका असं म्हणत नाही, रागवा, पण ऐका. डॉन एवान्हेलिस्तांना शेवटी शेवटी खुर्चीत बसवून इथे आणायचो, आठवतं?"

एल्वियाला आठवत होते. पक्षाघातानंतर वडिलांची वाचा गेली होती. त्यांना रुआना नावाच्या जाड लोकरी घोंगडीत गुंडाळून कढईशी बसवीत, आणि "आता"ऐवजी ते मान वर उचलीत. मान उचलली की कढई उतरे. तेव्हा एल्विया बाजूच्या कचेरीत गाड्या, साखर आणि पगार सांभाळत होती.

"ते झोपायचे," रोसाल्बा म्हणाली.

"कधी कधी लागायचा त्यांचा डोळा."

"कधी कधी नाही. वाफेची ऊब, अंगावर लोकर. बसवलं की घोरायला लागायचे. कढई तयार झाली की सिप्रियानो माझ्याकडे बघायचे आणि मी ट्रे टाकायचे."

"कसला ट्रे?"

"पत्र्याचा. रिकामा. फरशीवर. ते दचकून मान वर करायचे, आणि आम्ही म्हणायचो, मालकांनी सांगितलं. आणि उतरवायचो."

त्या दिवसांत कचेरीत बसल्या बसल्या तो खणखणाट ऐकून ती दर वेळी दात आवळीत असे.

"मी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवलं होतं," ती म्हणाली. "हातांसाठी."

"गेले होते की मी. त्यांनी गोळ्या दिल्या. चांगल्या होत्या, झोप छान लागायची."

ढवळणाऱ्यांपैकी कोणीतरी हसले आणि खोकल्यावर निभावून नेले.

"किती दिवस चाललं हे?"

"ते गेले तोवर," सिप्रियानो म्हणाला.

ते वर्ष एल्वियाला नीट आठवत होते. वडिलांच्या आजारपणामुळे माल बिघडेल या धास्तीत तिने ते वर्ष काढले होते, आणि एकाही दुकानातून तक्रार आली नव्हती. तिने ते वडिलांच्या मानेचे श्रेय मानले होते. अंत्यविधीच्या वेळी चर्चच्या दारात लोकांना तसे सांगितलेही होते. तेव्हा हे सगळे काळे कपडे घालून तिथेच उभे होते आणि माना डोलावत होते.

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात," सिप्रियानो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला वाटत होतं कारखाना आपल्या मानेवर चाललाय. वाटू दिलं." मग कढईत घट्ट होत चाललेल्या काळ्या थराकडे पाहत तो म्हणाला, "तुमच्या बाबतीत तसं जमत नाही. तुम्ही झोपत नाही."

ते टोचावे म्हणून तो बोलला नव्हता. एल्वियाला ते कळले. तिने कढईच्या काठाला हात लावला. काठ अजून पोळत होता. वडिलांना ज्या जागेत बसवीत ती जागा आणि ती आता उभी होती ती जागा एकच होती. खुर्चीपुरताच काय तो फरक. त्यांना तिथून उचलून नेले होते. तिला कोणी उचलणार नव्हते.

"खरवडून काढा," ती शेवटी म्हणाली, "आणि पुढची लावा."

ती कढई खरवडायला दुपार गेली. एल्वियाही छिन्नी घेऊन त्यांच्यात बसली. रोसाल्बाने मध्येच सगळ्यांना गरम चॉकलेट आणि चीज आणून दिले. एल्वियाला न विचारता, तिच्याच कपाटातले. एल्वियाने कप घेतला.

पुढच्या कढईला तिने सिप्रियानोला बाजूला बोलावले. तिला हे सांगणे अवघड गेले, आणि म्हणून तिने ते आधी मनात नीट जुळवून घेतले होते.

"मी उद्या सकाळी मारिसेलकडे जातेय. बाळ होईपर्यंत."

त्याने भुवया उचलल्या नाहीत. "बरं."

"कढईबद्दल मला फोन करायचा नाही. पेरूबद्दलही नाही. पैशांचा काही मोठा घोळ झाला, कोणाला इजा झाली, तर करायचा."

"आणि कढई बिघडली तर?"

"बिघडली तर डुकरांना घालायची आणि पुढची लावायची. ते माझं नुकसान. तुमच्या पगारातून नाही, आणि मी परत आल्यावर त्याचा विषयही निघणार नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगू का?"

सिप्रियानोने विचार केला. "चाकवाल्यासमोर सांगा," तो म्हणाला. "बाकीच्यांना तो सांगेल. त्याच्या पोटात राहत नाही."

तिने चाकवाल्याला बोलावून सांगितले. तो ऐकून आधी सिप्रियानोकडे पाहू लागला, मग तिच्याकडे, मग पुन्हा सिप्रियानोकडे. कोणाकडे पाहायचे ते त्याला नव्याने शिकावे लागणार होते. पानांचे काय, असे रोसाल्बाने विचारले तेव्हा एल्विया म्हणाली, "जो गठ्ठा हाताला लागेल तो."

"मला तर कधीच फरक दिसला नाही," रोसाल्बा म्हणाली.

"मलाही नाही," एल्विया म्हणाली.

तिने कोणाला फोन करून येत असल्याचे कळवले नाही. येणार म्हणून अनेकदा कळवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाला दाराशी आला तेव्हा तिने त्याला सांगितले की वाफ कधी सोडायची ते त्याला कळते. तो थोडा वेळ टोपी फिरवत उभा राहिला, मग गेला. तिने पिशवी भरली: दोन झगे, लोकरीची शाल, आधीच्या घाण्यातल्या मऊ वड्यांचा एक डबा. कपाट उघडे ठेवले. स्वयंपाकघर झाडले, मग पुन्हा झाडले. शेवटी झाडण्यासारखे काही उरले नाही तेव्हा पिशवी उचलून ती कारखान्यात शिरली.

पहिली कढई आटत आली होती. रंगावरून तिला ते दारातूनच कळले. बुडबुडे जड झाले होते, ढवळणाऱ्यांचे खांदे मंदावले होते. सिप्रियानोने सराटा उचलला. पाक धारेने पडत होता, मग थेंबाथेंबाने पडू लागला. चाकवाल्याचे डोळे तिच्याकडे आले. सिप्रियानोचेही आले, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि त्याने ते लगेच कढईकडे वळवले.

तिचे पाय आपोआप मंद झाले. एवढी एक उतरू द्यावी, एवढीच, मग जावे, असे तिला वाटले; आणि एवढीच उतरू दिली तर दुसरीही उतरू द्यावीशी वाटेल, हेही तिला समजले. फरशी ओली होती. घसरू नये म्हणून पाहावे तसे ती खाली पाहत चालत राहिली. गळ्याशी शब्द आला होता. तिने तो गिळला. फाटकाची कडी तिने स्वतः काढली, बाहेर पडून ती स्वतः लावली. आतून कोणाचा आवाज येतो का हे ऐकायला ती थांबली नाही.

चौकात बार्बोसाची जीप भरत होती. पुढच्या बाकावर जागा होती.

"दोन्या एल्विया," ड्रायव्हर म्हणाला, "आज कारखाना बंद?"

"नाही. चालू आहे."

त्याने तिच्याकडे जरा पाहिले, मग पिशवीकडे. "बार्बोसापर्यंतच ना?"

"तिथून बुकारामांगाला जायचंय."

"उद्या परत येणार असाल तर सकाळची जागा ठेवतो मी."

"नको," ती म्हणाली आणि आत बसून तिने दार ओढून घेतले.